बरणीतला बाणकृमी आणि पाण्यातला बाणकृमी

भरतीओहोटी (धागाकर्ती)

गेली काही वर्षं माझं काम म्हणजे किनाऱ्याजवळच्या पाण्यातलं प्राणिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक प्राणी, मोजणं. जाळी ओढून आलेला माल फॉर्मालिन घालून बरणीबंद होतो आणि मग मी आठवडेच्या आठवडे सूक्ष्मदर्शकात डोकं खुपसून बसते. कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक कवचधारी), कोपेपॉड, कोपेपॉड, मधेच एखादा खेकड्याचा डिंभक (अळीसारखी बाल्यावस्था), पुन्हा कोपेपॉड. या गर्दीत आडवेतिडवे पडलेले पांढुरके दोऱ्याचे तुकडे दिसतात, कुणी वाकलेले, कुणी मधेच मोडलेले. तेच बाणकृमी. माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी एकच रकाना होता: 'सॅजिटा, जात ठरवलेली नाही'. खरं सांगायचं तर कंटाळा म्हणून.

मग एकदा संध्याकाळी शेवटची ओढ अगदी छोटी झाली आणि त्यातलं थोडं पाणी मी फॉर्मालिन न घालता काचेच्या वाडग्यात ओतून ठेवलं. खाली काळा कागद, बाजूने टॉर्च. कोपेपॉड टुणटुण उड्या मारत होते, बाकी वाडगं रिकामं. बघता बघता एक कोपेपॉड पाण्यात मधल्यामधे थांबला. खाली बसला नाही, वर गेला नाही, नुसता अधांतरी अडकल्यासारखा. टॉर्च जरा तिरपा केला तेव्हा त्याच्या मागे काचेच्या काडीसारखी एक रेघ उमटली. दोन बारीक काळे ठिपके, मागे माशासारखे पर. ती रेघ कोपेपॉडला तोंडात फिरवून सरळ करत होती. थोड्या वेळाने कोपेपॉड त्या पारदर्शक नळीत आत सरकला आणि आता दिसत होता तो फक्त कोपेपॉड, कुणीही न धरलेला, पण स्वतःहून न हलणारा.

त्या दिवसापासून रकाना बदलला. वाचून जे कळलं ते इथे टाकते. चुकलं तर सांगा.

हा कृमी म्हणवला जातो, पण गांडुळाशी किंवा जंतांशी याचा काही संबंध नाही. कीटोग्नाथा हा त्यांचा स्वतंत्र संघ; शब्दाचा अर्थ 'राठ केसांचे जबडे'. नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्ट यांनी १८५४ मध्ये दिलं. प्राणी त्याआधीपासून माहीत होता. मार्टिनस स्लॅबर या डच निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकातच त्याला सॅजिटा, म्हणजे लॅटिनमध्ये बाण, म्हटलं होतं. आज सुमारे १३० जाती माहीत आहेत. सगळ्या खाऱ्या पाण्यातल्या, गोड्या पाण्यात एकही नाही. बहुतेक १ ते ४ सेंमी लांब. सगळ्यात लहान २-३ मिमी, सगळ्यात मोठे १० सेंमीच्या पुढे, तेही थंड पाण्यात.

अंगाचे तीन भाग: डोकं, धड, शेपटी. मधे आडवे पडदे. धडाच्या दोन्ही बाजूंना परांची एक किंवा दोन जोड्या, टोकाला शेपटीचा पर. हे पर आडवे असतात आणि त्यांना स्वतःचे स्नायू नाहीत, नुसते ताठ राहायला बारीक काड्या. मासा अंग डावी-उजवीकडे वळवून पोहतो, हा खाली-वर झटका देतो. एक झटका, थोडं पुढे, मग स्थिर. स्थिर असताना हळूहळू बुडतो, मग पुन्हा झटका.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना कायटिनचे वाकडे आकडे असतात, जातीप्रमाणे साधारण ४ ते १४ एका बाजूला. पोहताना हे आकडे मिटलेले असतात आणि डोक्यावर कातडीची घडी टोपड्यासारखी ओढलेली असते. भक्ष्य जवळ आलं की टोपडं मागे, आकडे बाहेर, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत काम तमाम. बरणीतल्या मेलेल्या प्राण्यात निम्म्यांचं टोपडं अर्धवट मागे सरलेलं असतं आणि आकडे पंजासारखे फाकलेले. मला वाटायचं हा त्यांचा रोजचा चेहरा. नाही. तो मरतानाचा चेहरा आहे.

श्वसनाची इंद्रियं नाहीत, उत्सर्जनाची नाहीत. अन्नमार्ग सरळ एक नळी, धड संपतं तिथे गुदद्वार. आणि एवढ्या साध्या अंगाचा हा प्राणी प्राणिप्लवकात बऱ्याच ठिकाणी संख्येने कोपेपॉडच्या खालोखाल. दोन डोळे आहेत, त्यांनीच तो भक्ष्य हेरत असणार.

कुणी यांच्यावर काम केलंय का? जाती ओळखायला सोपी युक्ती आहे का?

---

निवांत

अधांतरी अडकलेला कोपेपॉड डोळ्यासमोर आला. वाचतोय.

---

शिंपलेवाली

मस्त धागा. एक भाबडा प्रश्न. 'बाणकृमी' म्हणायचं की 'शरकृमी'? आणि कृमी नाही तर कृमी का म्हणायचं?

---

भरतीओहोटी

मी बाणकृमी म्हणते कारण सांगताना समोरच्याला लगेच कळतं. शरकृमी म्हटलं की पुढची पाच मिनिटं शर म्हणजे काय यात जातात. कृमी म्हणायचं कारण फक्त आकार. लांबट, बिनहाडाचं, बिनपायांचं दिसलं की कृमी, असा जुना हिशेब आहे. रोजच्या कामात आम्ही सगळे सरळ 'कीटो' म्हणतो, आहारवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

---

अर्धवट_शास्त्रज्ञ

ताई, लेख आवडला, पण ते डोळ्यांचं वाक्य काढा. डोळ्यांनी हेरत नाही.

डोळे आहेत, पण ते प्रकाश कुठून येतोय एवढं सांगणारे. दिवसा खाली, रात्री वर असा रोजचा प्रवास बऱ्याच जाती करतात, त्याला ते उपयोगी. आकृती दिसण्याइतके ते डोळे नाहीत. शिकार कळते ती थरथरीने. १९६७ मध्ये होरिज आणि बोल्टन यांनी हे प्रयोगाने दाखवलं: पाण्यात बारीक काडी ठरावीक वेगाने कंप पावत ठेवली की प्राणी तिच्यावरच झडप घालतो. अंगभर ताठ पक्ष्माभिकांच्या (पेशींवरच्या सूक्ष्म केसांच्या) छोट्या छोट्या रांगा असतात, कुंपणासारख्या. कोपेपॉड पोहताना जे पाणी हलवतो ते या कुंपणांना कळतं. अंतर फार नाही, दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे तुमच्या बाणकृमीला कोपेपॉड दिसला नव्हता, जाणवला होता. काळोखातही तेवढीच शिकार होते.

यातून एक गंमत निघते. जो कोपेपॉड गप्प बसतो तो वाचतो. आणि जो बाणकृमी हलतो त्याला स्वतःच्याच हलण्यामुळे काही कळत नाही. म्हणून तो झटका-थांबा-झटका. थांबणं हा आळस नाही, तेव्हा तो कान लावून असतो.

---

भरतीओहोटी

बरोबर, चुकलंच. वाक्य तसंच ठेवते म्हणजे तुमच्या प्रतिसादाला अर्थ राहील. आणि आता आठवतंय, काळा कागद नि टॉर्च मी माझ्या सोयीसाठी लावले होते, त्याला काहीच फरक पडत नसणार.

---

गुळवेल

आकड्यात धरल्यावर कोपेपॉड निसटत कसा नाही? कवच कडक असतं ना. चावून खातात का?

---

अर्धवट_शास्त्रज्ञ

चावत नाहीत, अख्खा गिळतात. तोंडाजवळ छोट्या दातांच्या रांगा असतात (पुढचे आणि मागचे, काही प्रजातींत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत, एकच रांग), त्यांचं काम बहुधा कवचाला भोक पाडण्याचं आणि धरून ठेवण्याचं. आणि इथे विषाचा भाग येतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी थ्यूसेन आणि सहकाऱ्यांना अनेक जातींच्या डोक्यात टेट्रोडोटॉक्सिन सापडलं, केंड माशात असतं तेच. ते बाणकृमी स्वतः बनवत नाही, त्याच्यासोबत राहणारे व्हिब्रिओ गटातले जिवाणू बनवतात, असं त्यांनी मांडलं. धरल्यावर कोपेपॉड एकदम लुळा पडतो याचं हे चांगलं स्पष्टीकरण आहे.

मेनूवर कोपेपॉड पहिले, पण जे मावेल ते चालतं. माशांची पिल्लं, इतर प्लवक, आणि आपल्याच जातीची लहान भावंडं. भावंडं खाणं अपवाद नाही, नेहमीचं आहे.

---

मोजणीकारकून

या धाग्याची वाट बघत होतो. बावीस वर्षं प्लवक मोजतोय, त्यातली निम्मी या काड्या मोजण्यात गेली. ओळखीबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

सोपी युक्ती नाही. पण कुठे बघायचं याचा क्रम आहे आणि नवीन माणूस नेहमी उलट्या टोकाने सुरू करतो. सगळे आधी डोकं बघतात कारण आकडे दिसायला झकास. आकड्यांची आणि दातांची संख्या मोजावी लागते हे खरं, पण ती वयाबरोबर बदलते आणि जाळीत घासून आकडे गळतात. मी आधी शेपटी बघतो. शेपटीची लांबी एकूण लांबीच्या किती टक्के (एकूण लांबी म्हणजे शेवटचा पर सोडून), हा आकडा सगळ्यात कमी दगा देतो. मग परांच्या किती जोड्या. पुढच्या परांची सुरुवात पोटाकडच्या गुच्छिकेपासून (मज्जापेशींच्या गाठीपासून) होते की मागून. पूर्ण परात काड्या आहेत की मुळाशी मोकळी जागा. मानेजवळ कातडी जाड होऊन कॉलर झालीय का. आणि शेवटी, प्राणी पिकलेला, म्हणजे वयात आलेला, असेल तर, शेपटीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या शुक्राच्या पिशव्या. त्यांचा आकार आणि त्या कुठल्या पराला टेकल्यात ते. ती पिशवी म्हणजे जातीचा शिक्का. अर्थात पिकलेले प्राणी दहात एक.

किनारी गरम पाण्यात नेहमी भेटणारी मंडळी सांगतो. फ्लॅसिसॅजिटा एन्फ्लाटा: लिबलिबीत, फुगीर, शेपटी तोकडी, पर छोटे आणि एकमेकांपासून लांब. चिमट्याने उचललात तर ओल्या कागदासारखी लोंबते. गरम समुद्रांत सगळीकडे आहे. झोनोसॅजिटा बेडोटी: अंगाने घट्ट, सरळ, किनाऱ्याची. एडानोसॅजिटा गटातले छोटे, कॉलरवाले, गढूळ उथळ पाण्यात खूश. क्रोनिट्टा: परांची एकच जोडी, दातांची एकच रांग, ओळखायला त्यातल्या त्यात बरी. आणि टेरोसॅजिटा ड्रॅको, तिची कॉलर मानेवर थांबतच नाही, सगळ्या अंगावर जाड फेसाळ कातडी, जणू स्वेटर घातलाय. ती मोकळ्या समुद्रातली, किनाऱ्याला आली तर बाहेरचं पाणी आत आलंय असं समजायचं.

नदीच्या मुखाजवळ गेलात की जाती कमी, डोकी जास्त. एकदोन जाती खारटपणाचे चढउतार सोसतात, त्यांचंच राज्य. जसजसं खोल समुद्राकडे जाल तसतशी यादी लांबते.

नावांचा घोळ मात्र आधीच सांगून ठेवतो. जुन्या कागदांत सगळं 'सॅजिटा' आहे. जपानी अभ्यासक टोकिओका यांनी १९६५ मध्ये ती मोठी प्रजाती फोडली, पुढे इतरांनी अजून फेरफार केले. त्यामुळे सॅजिटा एन्फ्लाटा आणि फ्लॅसिसॅजिटा एन्फ्लाटा या दोन जाती नाहीत, एकच आहे. मी दोन्ही नावांचे रकाने वेगळे ठेवलेला तक्ता पाहिलाय. आणि बेरीज केलेलीही.

---

भरतीओहोटी

कारकूनसाहेब, साष्टांग. माझी फजिती तुमच्यापुढे कबूल करते. सुरुवातीला मी सलग तीन महिन्यांच्या नमुन्यांत 'लहान सडपातळ, लांब शेपटीची' अशी एक वेगळी जात नोंदवली होती. फार खूश होते, नवीन काहीतरी सापडलं म्हणून. वरिष्ठांनी शांतपणे विचारलं, 'हिची मोठी झालेली मंडळी कुठायत?' एकही नव्हती. ती सगळी एका नेहमीच्याच जातीची पिल्लं होती. लहानपणी शेपटीचं प्रमाण मोठं असतं, धड नंतर वाढतं. तीन महिन्यांच्या बरण्या पुन्हा उघडल्या.

---

मोजणीकारकून

त्या जातीला आमच्याकडेही नाव होतं. प्रत्येक नवीन माणूस ती एकदा शोधतो.

---

टीचर_आठवी

मी विज्ञान शिकवते. उभयलिंगी प्राणी म्हटलं की पुस्तकात गांडूळ येतं आणि मुलं कंटाळतात. बाणकृमीही उभयलिंगी आहे असं वाचलं. जरा उलगडून सांगाल का? शुक्राची पिशवी शेपटीत आणि अंडी कुठे?

---

भरतीओहोटी

यावर लिहायची खूप इच्छा होती. मांडणी इतकी सरळ आहे की फळ्यावर चार रेघांत काढता येईल. धडात मागच्या बाजूला अंडाशयांची जोडी, मधे पडदा, आणि पडद्यापलीकडे शेपटीत वृषणांची जोडी. म्हणजे एकाच प्राण्याचा पुढचा भाग मादी, मागचा नर.

नराची बाजू आधी पिकते. शेपटीच्या पोकळीत शुक्रपेशींचे गोळे सुटतात आणि आतल्या द्रवाबरोबर फिरत राहतात, एका कडेने वर, मधून खाली. जिवंत प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर हे दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रक्ताभिसरण समजले होते. चार्ल्स डार्विननेही बीगल जहाजाच्या सफरीत हे प्राणी जाळीने पकडून पाहिले होते आणि १८४४ मध्ये सॅजिटाच्या रचनेवर नि प्रजननावर छोटा लेख लिहिला. रचना साधी, नातेवाईक कोण याचा पत्ता नाही आणि संख्या अगणित, असा त्याचा सूर होता. नात्याबद्दल वर कुणी लिहिलं नाही, आपले जीवाश्मवाले सदस्य 'दगडफोड्या' इथे असतील तर लिहितीलच.

तर, ते गोळे पिकून पिशव्यांत जमतात, पिशवी फुटते आणि शुक्राचा पुंजका जोडीदाराच्या अंगावर चिकटतो. तळाशी राहणाऱ्या स्पॅडेला प्रजातीत हे नीट पाहिलं गेलंय, कारण ती काचेच्या भांड्यात चांगली जगते आणि चिकटून बसते. दोघं समोरासमोर येतात, अंग झटकून एकमेकांना इशारे देतात (भूक लागलेल्या प्राण्याला थरथर म्हणजे जेवण, त्यामुळे हे इशारे नीट द्यावे लागत असणार, ही माझी शंका). मग पुंजका मानेजवळ ठेवला जातो आणि शुक्रपेशी पाठीवरून ओघळत मागे मादीच्या छिद्रापर्यंत जातात. ओघळत म्हणजे खरोखर, पांढरी रेघ दिसते.

अंडी ठेवण्याच्या तऱ्हा वेगळ्या. प्लवकातल्या बहुतेक जाती पाण्यात सुटी सोडतात, स्पॅडेला शेवाळावर किंवा दगडावर चिकटवते, आणि खोल पाण्यातली यूक्रोनिया अंडी पिशवीत घालून स्वतःबरोबर वागवते. डिंभक अवस्था नाही. अंड्यातून जे निघतं ते छोटा बाणकृमीच, फक्त पहिले काही दिवस आकडे नसतात, बलकावर भागवतो. गरम पाण्यात सगळं आयुष्य काही आठवड्यां-महिन्यांचं. आर्क्टिकमधली पॅरासॅजिटा एलेगन्स मात्र दोन-तीन वर्षं सहज काढते.

---

टीचर_आठवी

गांडूळ रद्द. धन्यवाद!

---

दगडफोड्या

नाव घेतलंत म्हणून आलो. नात्याचा पत्ता जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागला नाही. गर्भाची वाढ बघितली तर हा आपल्या, म्हणजे कणा असलेल्यांच्या आणि तारामाशांच्या बाजूचा वाटतो. मज्जासंस्था बघितली तर नाही वाटत. मग गेली काही दशकं जनुकांवर भांडणं. २०१९ मध्ये मार्लेताझ आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या मोठ्या संचावरून त्याला रोटिफर वगैरेंच्या शेजारी बसवलं. म्हणजे जबडेवाल्या बारीक प्राण्यांचं ते घराणं. रोटिफर डबक्यात दिसतो, मिलिमीटरपेक्षाही छोटा. आता दोघांच्या जबड्यांकडे बघून लोक म्हणतात, हे आधीच कळायला हवं होतं. नंतर सगळेच हुशार असतात.

जीवाश्मांची बाजू मला जास्त आवडते. मऊ प्राणी, टिकायला नको, पण आकडे टिकतात. कॅम्ब्रियन काळाच्या (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या) अगदी सुरुवातीच्या खडकांत प्रोटोकोनोडोंट नावाचे बारीक वाकडे काटे सापडायचे, कुणाचे ते माहीत नव्हतं. श्चानियाव्स्की यांनी ते बाणकृमींचे आकडे आहेत असं दाखवलं. अख्खे प्राणी नंतर मिळाले. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांसाठी गाजलेल्या खडकातला कॅपिनाटेटर, २०१७ मध्ये वर्णन झालं, सुमारे १० सेंमी लांब, डोक्यावर ५० च्या आसपास आकडे. आणि २०२४ मध्ये उत्तर ग्रीनलंडमधून टिमोरेबेस्टिया, सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीचा, जवळपास ३० सेंमी. बाजूंना पर, लांब मिशा, आणि पोटात आयसॉक्सिस नावाच्या कवचधारी प्राण्यांचे अवशेष. तो या घराण्याचाच हे ओळखलं कशावरून, तर पोटाकडच्या गुच्छिकेवरून. कारकूनसाहेब परांची सुरुवात मोजायला ज्या गुच्छिकेचा आधार घेतात तीच ती. ५२ कोटी वर्षं जागेवर.

म्हणजे मासे शिकारी व्हायच्या कितीतरी आधी पाण्यातली दहशत ही होती. आता हे दोन सेंमीवर आलेत आणि बांगडा-तारली त्यांना गिळतात.

---

निवांत

घराणं खालावलं म्हणायचं.

---

दगडफोड्या

खालावलं कसलं. मोठे गेले, हे राहिले.

---

शिंपलेवाली

'बाहेरचं पाणी आत आलंय असं समजायचं' यावर अजून लिहा ना. प्राण्यावरून पाणी ओळखता येतं?

---

मोजणीकारकून

येतं, आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बाणकृमींचंच आहे. इंग्लिश खाडीत प्लिमथजवळ फ्रेडरिक रसेल १९२० आणि ३० च्या दशकांत प्लवक बघत होते. तिथे दोन जाती: एलेगन्स आणि सेटोसा. दिसायला इतक्या सारख्या की नवशिक्याने हात टेकावेत. पण एलेगन्स अटलांटिकचं पाणी मिसळलेल्या, पोषक द्रव्यांनी भरलेल्या पाण्यात, आणि सेटोसा खाडीच्या आतल्या पाण्यात. १९३० च्या सुमारास एलेगन्स मागे हटली, सेटोसा पसरली. त्याबरोबर हिवाळ्यातलं फॉस्फेट घटलं, मोठे प्लवक कमी झाले, माशांची पिल्लं कमी झाली आणि हेरिंग माशाची मासेमारी बसली. एलेगन्स परतली ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतर. या सगळ्या उलटसुलट बदलाला पुढे रसेल चक्र म्हणू लागले.

बाणकृमीने हेरिंग घालवली असं कुणी वाचू नका. पाणी बदललं, दोघांनाही त्याचा फटका बसला. पण पाणी बदललंय हे एका बारक्या काडीच्या शेपटीवरून कळत होतं. त्यासाठी एलेगन्स आणि सेटोसा वेगळ्या मोजल्या गेल्या होत्या. एका रकान्यात 'सॅजिटा' लिहून ठेवलं असतं तर काहीही दिसलं नसतं. (ताई, टोमणा नाही.)

---

भरतीओहोटी

टोमणाच आहे आणि लागू आहे.

---

गुळवेल

मग हे किती कोपेपॉड खातात याचाही हिशेब असेल? पोट तर पारदर्शक आहे, बघितलं की मोजलं.

---

अर्धवट_शास्त्रज्ञ

तिथेच गोची आहे. बरणीतले बहुतेक बाणकृमी रिकाम्या पोटाचे निघतात. याचा अर्थ ते उपाशी होते असा लावायचा मोह होतो. पण जाळीत अडकल्यावर बरेचजण पोटातलं बाहेर टाकतात, ओढ जितकी लांब तितकं जास्त. उलट बाजूने, जाळीच्या टोकाच्या बरणीत सगळे एकत्र कोंबले गेले की समोर येईल त्याला पकडतात, जे मोकळ्या पाण्यात कधी शेजारी आले नसते. म्हणजे पोट रिकामं दिसलं तरी खोटं, भरलेलं दिसलं तरी खोटं. त्यात गरम पाण्यात काही तासांतच पचन होतं. हिशेब करायचा तर छोटी ओढ, लगेच फॉर्मालिन, तोंडात अर्धवट असलेलं भक्ष्य बाद, आणि दिवस-रात्र दोन्ही वेळचे नमुने.

आणि आता काहीजण तर म्हणतात की सगळी पोटं 'रिकामी' नसतातच. आर्क्टिकमधल्या काही जाती पाण्यात खाली झिरपणारा सेंद्रिय गाळही खातात असे पुरावे आलेत. कोपेपॉड नाही म्हणजे जेवण नाही, हा आपलाच समज.

---

दगडफोड्या

समजांवरून आठवलं. स्पॅडेलाच्या अंगावर बारीक राठ केस असतात असं १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून नोंदवलं गेलं होतं. २०१९ मध्ये जुनी चित्रं पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं की ते केस नव्हतेच. विषाणू होते, लांबीने बऱ्याच जिवाणूंना मागे टाकणारे. एकाचं नाव मेगाक्लोथोव्हायरस होरिजी. वर ज्या होरिज यांचा थरथरीचा प्रयोग आला, त्यांच्याच नावाने. पन्नास वर्षं रोग अंगावरचे केस म्हणून छापला जात होता.

---

अर्धवट_शास्त्रज्ञ

हे माहीत नव्हतं! शोधून वाचतो.

---

गुळवेल

धागा वाचून मी एका ओळखीच्यांकडून जुनी बरणी मागून आणली (त्यांना टाकायचीच होती). काळा कागद, टॉर्च, भिंग. तासभर घालवला. आकडे दिसले, टोपडंही दिसलं एकाचं. पण मोजताना अडचण आली. बरेच मोडलेले आहेत. डोकी ३८ भरली आणि शेपट्या ४१. नक्की किती लिहायचे?

---

मोजणीकारकून

डोकी मोजायची, तुकडे सोडून द्यायचे. ३८ लिहा. पण डोकी सहसा हरवत नाहीत, तुटते ती शेपटी. तीन डोकी कमी म्हणजे जरा विचित्र. मोठ्या प्राण्यांची तोंडं तपासलीत का?

---

गुळवेल

आत्ता तपासली. एकाच्या आकड्यांमधून शेपटी बाहेर लोंबतेय. मी ती वेगळी म्हणून मोजली होती. डोकं आत आहे, धडाच्या भिंतीतून अंधुक दिसतंय, आकड्यांसकट. उरलेली दोन मात्र सापडली नाहीत.

---

मोजणीकारकून

मग ३९ लिहा. आणि शेऱ्यात लिहा, एक आत.